जेन कॉनची वाढ कशात मोजायची?

जेन कॉन या टेबलावरच्या खेळांच्या अमेरिकेतील चार दिवसांच्या वार्षिक संमेलनाबद्दल ओळखीचे मराठी लोक मला हमखास दोन प्रश्न विचारतात. या वयात खेळ खेळायला शिकागोहून इंडियानापोलिसला कशाला जायचे, हा पहिला. आणि तिथे लोक तरी किती येतात, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर वाद घालण्यात अर्थ नसतो. दुसरा मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर द्यायला गेले की कोणता आकडा सांगायचा इथूनच अडचण सुरू होते.

२०१५ सालचेच पाहा. त्या वर्षी आयोजकांनी दोन आकडे जाहीर केले: ६१,४२३ आणि १,९७,६९५. पहिला प्रत्यक्ष आलेल्या माणसांचा. दुसरा रोजच्या प्रवेशांच्या बेरजेचा, म्हणजे चारही दिवस आलेला एकच माणूस त्यात चारदा धरलेला. दोन्ही आकडे खरे आहेत, पण मथळ्यात कोणता जातो हे सांगायला नको. माझे म्हणणे असे, की या संमेलनाची वाढ समजून घ्यायची असेल, तर हे दोन्ही बाजूला ठेवून तिसराच आकडा पाहावा: त्या चार दिवसांत किती टेबलांवर खेळ चालले, आणि ते कोणी चालवले. अलीकडच्या वर्षांत कार्यक्रमपत्रिकेतील नोंदी वीस हजारांच्या घरात जातात. त्यांतल्या काही कंपन्यांच्या असतात. पण फार मोठा भाग अशा माणसांचा असतो, ज्यांनी स्वतःही प्रवेशाचा बॅज घेतलेला असतो आणि तरीही आपल्या सुट्टीतले काही तास अनोळखी लोकांना खेळवण्यासाठी राखून ठेवलेले असतात.

या संमेलनाचा जन्मच तसा आहे. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या लहान गावात राहणारे गॅरी गायगॅक्स हे विमा व्यवसायात नोकरी करत आणि उरलेला वेळ युद्धखेळांत, म्हणजे टेबलावर लढाया मांडून खेळण्यात, घालवत. १९६७ मध्ये त्यांनी आपल्यासारख्याच काही हौशी मंडळींना घरी जमवले. घर अपुरे पडते हे लक्षात आल्यावर पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट १९६८ रोजी, त्यांनी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाडे देऊन घेतला आणि एक डॉलर प्रवेशशुल्क ठेवले. शंभरेक माणसे आली आणि भाडे निघाले. त्या सभागृहात व्यासपीठ नव्हते, प्रमुख पाहुणे नव्हते आणि प्रेक्षक तर नव्हतेच. जो आला तो खेळायला किंवा खेळवायला आला होता. दुसऱ्याच वर्षी, १९६९ मध्ये, तिथे गायगॅक्स यांची डेव्ह आर्नसन या दुसऱ्या एका युद्धखेळप्रेमीशी गाठ पडली. या दोघांच्या कामातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ बाजारात आला.

त्या खेळाची घडण इथे लक्षात घेतली पाहिजे, कारण जेन कॉनच्या वाढीचे यंत्र तिच्यात आहे. बुद्धिबळाचा पट कोणीही दोघे मांडून बसू शकतात. या खेळाला मात्र एक माणूस असा लागतो, जो जिंकण्यासाठी खेळत नाही. गेम मास्टर म्हणजे ज्याने आधी घरी बसून कथानक रचलेले आहे, नकाशे काढलेले आहेत, बाकीच्यांच्या पात्रांपुढे संकटे उभी करायची आहेत आणि त्यांनी अनपेक्षित काही केले तर जागच्या जागी निवाडा द्यायचा आहे. चार ते सहा खेळाडूंमागे असा एक माणूस हवाच. म्हणजे खेळणारे हजारो झाले, तर खेळवणारेही शेकडोंनी तयार व्हावे लागतात, आणि ते पगारावर ठेवून परवडत नाहीत. संमेलनाने ही गरज ओळखली आणि कार्यक्रमपत्रिका सर्वांसाठी खुली ठेवली. आपल्याला कोणता खेळ चालवायचा आहे, किती जणांसाठी, किती वेळ, नवख्यांना चालेल की जाणकारच हवेत, हे आधी कळवायचे. आयोजक जागा आणि वेळ नेमून देतात. मग यादी प्रसिद्ध होते आणि लोक तिच्यातून आपापली पसंती लावून तिकिटे घेतात. पुरेसे तास खेळ चालवणाऱ्याला प्रवेशशुल्क परत मिळण्याचीही सोय आहे. ज्यांना तिकीट मिळाले नाही, ते साधी, कोणत्याही खेळाला चालणारी तिकिटे हातात घेऊन टेबलापाशी उभे राहतात. कोणी आले नाही की त्या खुर्चीत बसतात. मला स्वतःला या उभे राहण्यातून मिळालेले खेळ यादीतून निवडलेल्या खेळांपेक्षा अधिक आवडलेले आहेत, कारण तिथे निवड करण्याची संधीच नसते आणि माणूस जे समोर येईल ते खेळतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास गायगॅक्स यांच्या टीएसआर या कंपनीने संमेलनाचा कारभार हाती घेतला. १९७८ पासून ते केनोशाजवळच्या विद्यापीठाच्या आवारात भरू लागले, आणि तीही जागा पुरेना तेव्हा १९८५ मध्ये मिलवॉकीला गेले. १९९३ मध्ये तिथे ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाने धुमाकूळ घातला, आणि त्या खेळाच्या पैशांवर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये डबघाईला आलेली टीएसआर विकत घेतली. १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने घेतले. २००२ मध्ये विझर्ड्सचे संस्थापक पीटर ॲडकिसन यांनी हॅस्ब्रोकडून फक्त संमेलन तेवढे विकत घेतले आणि २००३ पासून ते इंडियानापोलिसला आले. अवघ्या पाच वर्षांत तीन मालक बदलले, शहर बदलले, तरी ऑगस्ट आला की माणसे येतच राहिली. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण मालकांच्या हुशारीत नाही. ज्याने मागच्या वर्षी आठ अनोळखी लोकांना खेळवले, त्याला त्यांतले चारजण पुढच्या वर्षी पुन्हा भेटणार असतात. मालक कोण आहे याने त्याच्या बेतात काही फरक पडत नाही.

उलट, मालकांना जेव्हा वाढीची घाई झाली तेव्हा काय घडले, हेही पाहण्यासारखे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिफोर्नियात एक शाखा काढून पाहिली. ती २००६ नंतर बंद पडली. त्याच काळात जेन कॉन चालवणाऱ्या कंपनीने लुकासफिल्म या चित्रपट कंपनीसाठी तिच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या चाहत्यांचे मेळावेही भरवले. त्यांतून खर्चाचा बोजा झाला, मेळाव्यातील धर्मादाय लिलावाच्या पैशांवरून लुकासफिल्मने दावा लावला, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जेन कॉनला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. २००९ च्या आरंभी कंपनी त्यातून बाहेर आली. त्या दोन्ही वर्षी इंडियानापोलिसचे संमेलन मात्र ठरल्याप्रमाणे भरले. चाहत्यांच्या मेळाव्यात लोक नट पाहायला आणि वस्तू घ्यायला येतात. त्यात वाईट काही नाही, पण तिथे येणारा माणूस ग्राहक असतो आणि त्याला दरवर्षी काहीतरी अधिक भव्य दाखवत राहावे लागते. जेन कॉनला ती कला अवगत नव्हती, आणि ती नव्हती हेच बरे झाले असे मला वाटते.

त्यानंतरची वाढ झपाट्याची आहे. २०१३ मध्ये ४९,०५८ लोक आले, २०१४ मध्ये ५६,६१४, आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा आकडा वर आलाच आहे. २०१७ हे पन्नासावे संमेलन. त्या वर्षी प्रथमच सगळे बॅज आधीच संपले आणि खेळांची टेबले शेजारच्या लुकास ऑइल स्टेडियमच्या मैदानावर मांडावी लागली. जिथे एरवी अमेरिकन फुटबॉलचे सामने होतात तिथे हजारो माणसे मान खाली घालून फासे टाकत बसलेली वरच्या पायऱ्यांवरून पाहणे हा प्रकार एकदा तरी अनुभवावा. एवढी गर्दी शहराच्या राजकारणातही वजन मिळवते. २०१५ च्या मार्चमध्ये इंडियाना राज्याने धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली एक कायदा केला आणि त्याच्या आडून समलिंगी व्यक्तींना दुकानदार सेवा नाकारतील अशी भीती व्यक्त झाली, तेव्हा जेन कॉनच्या प्रमुखांनी राज्यपालांना पत्र लिहून शहराला वर्षाकाठी मिळणाऱ्या पाच कोटींहून अधिक डॉलरची आठवण करून दिली आणि संमेलन दुसरीकडे नेण्याचा विचार करावा लागेल असे कळवले. विरोध अनेक बाजूंनी झाला आणि काही दिवसांतच कायद्यात दुरुस्ती झाली. विमा कंपनीतल्या एका नोकरदाराने भाड्याच्या सभागृहात सुरू केलेली गोष्ट राज्यपालांना पत्र लिहिण्याइतकी मोठी झाली, हे मला लाखांच्या आकड्यांपेक्षा अधिक बोलके वाटते.

२०२० मध्ये साथीमुळे संमेलन केवळ ऑनलाइन झाले. २०२१ मध्ये ते सप्टेंबरवर ढकलून मर्यादित स्वरूपात भरवले, तेव्हा ३५,००० लोक आले. २०२३ मध्ये संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. म्हणजे गर्दीची चिंता करण्याचे कारण उरलेले नाही.

माझी चिंता वेगळी आहे. पाचशेहून अधिक विक्रेत्यांचे दालन गुरुवारी सकाळी दहाला उघडते आणि त्यापूर्वी कितीतरी आधी दारापुढे रांग लागलेली असते. नवे खेळ तिथे प्रथम विकले जातात, काही तासांत संपतात, आणि अनेक लोकांचे संमेलन त्या खरेदीभोवतीच फिरू लागले आहे. विकत घेतलेला खोका हॉटेलच्या खोलीत जातो, तिथून घरी, आणि मग फडताळात. मी स्वतःही हे केले आहे, त्यामुळे खरेदी करणाऱ्यांना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण या गर्दीमुळे शहराच्या मध्यभागी मुक्काम मिळणे अवघड झाले आहे. संमेलनाच्या कोट्यातील हॉटेलच्या खोल्यांसाठी बॅज घेतलेल्या प्रत्येकाला संगणक सोडतीने खोली निवडण्याची एक वेळ नेमून देतो. ती वेळ उशिराची लागली की सभागृहाला पुलाने जोडलेल्या हॉटेलांचा विचारच सोडून द्यावा लागतो. खरेदीला आलेल्या माणसाला विमानतळाजवळ राहून चालते, कारण तो सकाळी येतो आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन परततो. रात्री आठ ते बारा खेळ चालवून पुन्हा सकाळी नऊला दुसऱ्या टेबलावर हजर व्हायचे असलेल्या गेम मास्टरला ते जमत नाही. नकाशे, पुस्तके, लहान पुतळ्यांच्या पेट्या घेऊन शहराबाहेरून रोज ये-जा करणे म्हणजे एक-दोन वर्षांत उत्साह संपणे. कंपन्या आणि संघटित गट आपल्या माणसांची सोय कशी तरी लावतात; एकट्याने दोन-तीन खेळ घेऊन येणारा माणूस मात्र गळत जातो, आणि प्रवेशशुल्क परत मिळाले तरी खोलीच्या भाड्यापुढे ती रक्कम किरकोळ ठरते.

काही मित्र म्हणतात, बॅजची संख्याच कमी करावी. मला ते पटत नाही. त्याने सोडत फक्त एक पायरी आधी येईल, आणि नवखा माणूस, ज्याला आपल्याला हे आवडेल की नाही हेच अजून ठाऊक नाही, तो सर्वांत आधी बाहेर राहील. शनिवारी रात्री पत्त्यांचे उंच बंगले नाणी फेकून पाडण्याचा आणि ती नाणी धर्मादाय कामाला देण्याचा जो कार्यक्रम वर्षानुवर्षे चालतो, तिथे शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलांना आणि त्यांच्या अवघडलेल्या आईबापांना पाहिले की हे संमेलन लहान करावे असे कोणाला वाटणार नाही.

पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत बोर्ड गेम कॅफे आणि रविवारचे खेळगट उभे राहिले आहेत, आणि त्यांतली काही उत्साही मंडळी आपल्याकडेही असे मोठे संमेलन भरवण्याची भाषा करतात. बोलणे पहिल्याच बैठकीत प्रायोजक आणि सभागृह यांकडे वळते. माझा त्यांना प्रश्न असतो की नियम न वाचलेल्या पाच अनोळखी माणसांना अर्ध्या तासात खेळात गुंतवू शकतील असे किती जण तुमच्या ओळखीचे आहेत. उत्तर वीस असेल तर वीस टेबलांचे संमेलन भरवावे. सभागृह त्यानंतर शोधावे.

इंडियानापोलिसच्या आयोजकांकडे माझी मागणी एकच आहे. सभागृहाला जोडलेल्या हॉटेलांतील काही खोल्या सोडतीतून वगळून, मागील वर्षी ठरावीक तासांहून अधिक वेळ खेळ चालवलेल्या आणि या वर्षीही नोंद केलेल्या व्यक्तींसाठी राखाव्यात, आणि त्यांना ते कार्यक्रमाची नोंद करतानाच कळवावे. कोणी किती तास खेळ चालवला याची नोंद प्रवेशशुल्क परत करण्यासाठी ठेवावीच लागते, त्यामुळे यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही. खोल्यांची संख्या किती असावी यावर वाद होऊ शकतो. पहिल्या वर्षी दोनशेपासून सुरुवात झाली तरी माझी हरकत नाही.