पावती असेल तरच मत

२०२४ च्या नोव्हेंबरात माझा जीव दोन निवडणुकांत अडकला होता. ५ तारखेला इथे फ्लोरिडात मतदान, २० तारखेला महाराष्ट्रात विधानसभेचं. इथलं मत देऊन गाडीत येऊन बसले, शर्टावर 'मी मतदान केलं' असं सांगणारं चिकटपत्र होतं, आणि घरच्या ग्रुपवर कराडच्या काकांचा निरोप आलेला होता : 'अमेरिकेत गुन्हेगाराला मताचा अधिकार नाही. आपल्याकडे तुरुंगातून सुटला की लगेच रांगेत उभा. आपल्याकडेही असाच कायदा हवा.' खाली अंगठे आणि जोडलेले हात यांची भली मोठी रांग.

काकांनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. ते उगाच लिहीत नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग एका पतसंस्थेत बुडाला. संचालकाला शिक्षा झाली, ती भोगून तो परत आला आणि काका ज्या शाळेत शिकवायचे त्याच शाळेतल्या केंद्रावर त्यांच्या पुढे मतदानाला उभा राहिला. "त्याचं मत आणि माझं मत सारखंच?" हा त्यांचा प्रश्न. मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो नाही, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

काका, आधी तुमचं म्हणणं थोडं दुरुस्त करते. सबंध अमेरिकेचा असा एक नियम नाहीच. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत कैदी तुरुंगातूनही मत देतात. आपली मराठी माणसं दाटीने राहतात त्या न्यू जर्सीत तुरुंगाबाहेर पडलं की मत परत मिळतं. पॅरोल किंवा प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहून भोगायची शिक्षा, चालू असलेल्या ऐंशी हजारांहून जास्त लोकांना तिथे २०२० च्या मार्चपासून ते मिळालं. आणि माझ्या फ्लोरिडात २०१८ पर्यंत नियम असा होता की गंभीर गुन्ह्यात एकदा दोषी ठरलात की मत जन्मभरासाठी गेलं. परत हवं असेल तर शिक्षा संपल्यावर पाच किंवा सात वर्षं थांबायचं, अर्ज करायचा आणि राज्यपाल अध्यक्ष असलेल्या माफी मंडळापुढे हात जोडायचे. मंडळाला कुठलाही निकष बांधलेला नव्हता. देतील तर देतील.

'गंभीर गुन्हा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खून, दरोडा येतो. इथे तेव्हा तीनशे डॉलरची चोरीही गंभीर गुन्ह्यात मोडायची. म्हणजे एक बरासा फोन. २०१९ मध्ये ती मर्यादा साडेसातशे डॉलर झाली. २०१६ साली या राज्यात सतरा लाखांच्या आसपास माणसं मतदार यादीबाहेर होती, आणि प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी दर पाचांत एकाहून जास्त जणांना मत नव्हतं. हे आपोआप घडलेलं नाही. यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताचा अधिकार द्यावाच लागला, तेव्हा १८६८ च्या इथल्या राज्यघटनेत गुन्हेगारांचं मत काढण्याची तरतूद ठेवली गेली, आणि तिच्यात साध्या चोरीचाही समावेश होता. शेजारची राज्यं पुढे आणखी उघडी पडली. मिसिसिपीने १८९० च्या घटनेत गुन्ह्यांची यादीच केली. तिच्यात चोरी, खोटी सही, दोन लग्नं होती, पण खून नव्हता. काळा माणूस कुठल्या गुन्ह्यात जास्त सापडेल याचा आधी अंदाज बांधून ती यादी केली होती.

फ्लोरिडाच्या त्या १८६८ नंतर तीनच वर्षांनी, १८७१ साली, इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्मालाच गुन्हा ठरवला. सोलापूरला या जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कायदा १९५२ साली गेला. पण चोरी झाली की पहिली धाड अजून पारध्यांच्या पालांवर पडते, हेही काका, तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं.

मी २००६ साली इथे आले. बारा वर्षं मला इथे मत नव्हतं, आणि भारतातलं असून नसल्यासारखं होतं. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयाला नाव नोंदवता येऊ लागलं, पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावं लागतं. नोकरीतून एवढी रजा आणि तिकिटाचे पैसे मला कधी जमले नाहीत. २०१८ च्या वसंतात नागरिकत्वाची शपथ घेतली आणि सभागृहाच्या दारातच स्वयंसेवकांनी मतदार नोंदणीचा अर्ज हातात दिला. आपलं कोणी विचारतंय, ही जाणीव काय असते ते त्या दिवशी कळलं. अर्जावर एक चौकट होती : मी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली नाही, किंवा ठरले असेन तर माझा अधिकार परत मिळालेला आहे. मी खूण केली, सही केली, पाच मिनिटांत काम झालं. त्या चौकटीपाशी किती माणसं अडकतात याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

त्याच नोव्हेंबरात माझं पहिलं मत. लांबलचक मतपत्रिका, प्रत्येक प्रश्नापुढचा लंबगोल काळ्या शाईने भरायचा. त्यातली राज्यघटनेची चौथ्या क्रमांकाची दुरुस्ती अशी होती : शिक्षा पूर्ण केलेल्यांना मत परत द्यावं, खून आणि लैंगिक गुन्हे वगळून. तिच्यासाठी राबलेले डेस्मंड मीड स्वतः शिक्षा भोगलेले. व्यसन, बेघरपण यातून बाहेर येऊन कायद्याची पदवी घेतलेला माणूस. घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं लागतात, तिला ६४ टक्क्यांहून जास्त मिळाली. एकावन्न लाखांवर लोक 'हो' म्हणाले, आणि त्यात दोन्ही पक्षांचे होते. सुमारे चौदा लाख माणसांना मत मिळेल असा अंदाज होता. त्या रात्री मला माझ्या नव्या देशाचा अभिमान वाटला.

आमच्या घरचा एसी दुरुस्त करायला एक गृहस्थ येतात. पन्नाशीकडे झुकलेले, कामाला चोख, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्याशिवाय घरात पाऊल ठेवत नाहीत. ती घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर त्यांनी मला आपण होऊन सांगितलं, "आता मीही मत देणार." विशीत चोरीचा माल आणि अमली पदार्थ यांच्या खटल्यात त्यांनी तुरुंग आणि प्रोबेशन दोन्ही भोगलं होतं. त्यानंतर आजतागायत एक केस नाही.

२०१९ च्या जूनमध्ये राज्याने कायदा केला : शिक्षा पूर्ण म्हणजे तुरुंगवास, प्रोबेशन आणि त्या खटल्यातली सगळी देणीही पूर्ण. दंड, कोर्टाचे आकार, नुकसानभरपाई. फ्लोरिडात या आकारांना अंत नाही, कारण कोर्टांच्या कचेऱ्यांचा खर्च बराचसा याच पैशातून चालवला जातो. वकील परवडत नाही म्हणून सरकारी वकील मागितला तर त्या अर्जाचे ५० डॉलर, आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलात की त्या वकिलाचे किमान १०० डॉलर. थकलं की वसुली कंपनीकडे जातं, आणि तिला वर चाळीस टक्क्यांपर्यंत घेता येतात.

आमच्या एसीवाल्यांनी भरायचं ठरवलं. एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत एक आकडा सांगितला, वसुली कंपनीने दुसरा. नुकसानभरपाई ज्या दुकानाला द्यायची ते दुकान कधीच बंद पडलेलं. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की इतकी जुनी कागदपत्रं आमच्याकडे नाहीत. मला वाटलं होतं, यांचंच नशीब वाईट. तसं नव्हतं. या कायद्याविरुद्ध खटला चालला तेव्हा एका प्राध्यापकांनी त्यांच्या विद्यार्थ्यांसह १५३ माणसांच्या नोंदी तपासल्या. तिघे सोडून सगळ्यांच्या नोंदींत घोळ निघाला. कोण किती देणं लागतं हे सांगणारी एकही यादी राज्याकडे नव्हती. सुमारे पावणेआठ लाख माणसं केवळ थकबाकीमुळे अडकली होती. न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी २०२० च्या मे महिन्यात याला 'पैसे भरा आणि मत द्या' अशी पद्धत म्हटलं आणि ती बऱ्याच अंशी घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबरात वरच्या न्यायालयाने सहा विरुद्ध चार अशा बहुमताने तो निकाल फिरवला.

मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये वीस जणांना बेकायदा मतदान केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. खून किंवा लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेले, म्हणजे दुरुस्तीने वगळलेले लोक. पण त्यांच्यातल्या कित्येकांच्या हाती सरकारनेच मतदार कार्ड दिलेलं होतं. आमच्या टँपा शहरातल्या अटकांचं पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुढे बाहेर आलं. दारात उभ्या माणसाला आपण काय केलं तेच कळत नाही, आणि बेड्या घालणाऱ्या पोलिसालाही धड सांगता येत नाही. ते पाहिल्यावर एसीवाल्यांनी अर्जाचा विषय सोडून दिला. "चुकीची खूण केली तर पाच वर्षं आत. मी नातवंडं सोडून जाणार नाही," म्हणाले. मी काय बोलणार होते?

आणि याच राज्यात, मी मत दिलं त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी पाम बीचमध्ये मत दिलं. न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्यांना ३० मे २०२४ ला ३४ गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवलं होतं. बाहेरच्या राज्यात दोषी ठरलेल्याला फ्लोरिडा त्या राज्याचा नियम लावतं, आणि न्यूयॉर्कमध्ये तुरुंगाबाहेर असलेल्या प्रत्येकाला मत आहे. त्यांचं मत गेलं नाही हे योग्यच झालं, असं मी मनापासून म्हणते. मला फक्त आमच्या एसीवाल्यांचंही हवं आहे.

काका, हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? तुमचा राग त्या संचालकावर आहे, आणि तुम्ही मागता तो कायदा त्याला कधीच लागणार नाही. इथे फ्लोरिडात तो असता तर त्याने वकील लावला असता, सगळी देणी एका चेकने फेडली असती आणि तो रांगेत तुमच्या पुढेच उभा असता. त्याला निवडणूक लढवू देऊ नये, असं तुम्ही म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने आहे. दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झाली तर सुटकेनंतर सहा वर्षं लढता येत नाही, हे आपल्याकडे आहेच. ती मुदत वाढवा. दुसऱ्याच्या ठेवींवर, दुसऱ्याच्या गावावर अधिकार मागणाऱ्याची परीक्षा कडक हवीच. मत देणारा मात्र कोणावर अधिकार मागत नाही. मलाही मोजा, एवढंच तो म्हणतो.

शिक्षा संपली की भारतात कोणी पावती मागत नाही, ही आपल्या कायद्यातली फार मोठी गोष्ट आहे. ती इथे येऊन मला कळली. ती हातची घालवू नका.

पण आपल्याकडे खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि तिच्याबद्दल ग्रुपवर कधी कोणी लिहीत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) म्हणतं की जो तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत आहे त्याला मत नाही. शिक्षा झालेली असो वा नसो. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्यांना तेवढं टपालाने देता येतं. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. दर चारांतले तीन. कोर्टाने ज्यांना अजून दोषी म्हटलेलं नाही, अशी माणसं. गंभीर आरोप असलेल्याला जामीन मिळाला तर तो बाहेर येऊन मत देतो. किरकोळ चोरीतला, जामीनदार न मिळालेला पारधी येरवड्यात किंवा कळंब्यात बसून राहतो आणि त्याचं मत जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम वैध ठरवलं. पोलीस बंदोबस्त किती पुरवायचा, आणि स्वतःच्या वागण्यामुळे आत गेलेल्याने बाहेरच्यासारखा हक्क सांगू नये, अशी त्यातली कारणं. 'स्वतःच्या वागण्यामुळे' हे शब्द कच्च्या कैद्याला कसे लावायचे, हे मला अजून समजलेलं नाही.

त्याच कैद्याला निवडणुकीला उभं मात्र राहता येतं. २०१३ साली संसदेने तशी दुरुस्ती करून घेतली. २०२४ मध्ये काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगात कच्चे कैदी असताना बारामुल्लातून दोन लाखांवर मताधिक्याने खासदार झाले, आणि कायद्याने त्यांना स्वतःचं मत नव्हतं. त्याच लोकसभेत ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं आहे. ते मत देतात, मत मागतात, कायदे करतात.

स्थानबद्धाला टपालाने मत देता येतं, तर कच्च्या कैद्यालाही देता येईल. त्याला वेगळा बंदोबस्त लागत नाही. पाकिटं लागतात आणि एक अधिकारी लागतो. नागरिकशास्त्राच्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांत दोन वकील आहेत आणि एक आमदाराच्या कार्यालयात आहे. त्यांच्याशी हे बोला, अशी माझी विनंती आहे.

यातलं बरंचसं मी काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या त्या एसीवाल्याला एकूण भरायचे तरी किती आहेत?"

ते एसीवाल्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.