हाफिज आला नाही, जुहूरी आला

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणातल्या शिराझचा फारसी कवी हाफिज दख्खनला यायला निघाला होता. बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशाह हा विद्वानांचा चाहता. त्याचा मंत्री मीर फजलुल्ला इंजू याने गुलबर्ग्याहून हाफिजला आमंत्रण धाडले, सोबत वाटखर्चाचे पैसेही. हाफिजने त्यातले बरेचसे देणी फेडण्यात आणि नातलगांना देण्यात संपवले. उरलेले वाटेत भेटलेल्या, चोरांनी लुबाडलेल्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकले. शेवटी दोन इराणी व्यापाऱ्यांनी खर्च उचलला म्हणून तो होर्मुझ बंदराला पोचला आणि जहाजात चढला. तेवढ्यात वादळ उठले. हाफिज जहाजावरून उतरला, सुलतानासाठी एक गझल पाठवून दिली आणि शिराझला परतला. त्या गझलेत तो म्हणतो की नफ्याच्या आशेने समुद्राचे कष्ट आधी किती सोपे वाटले होते, पण शंभर मोती मिळाले तरी हे वादळ परवडणार नाही. सुलतानाच्या मुकुटाबद्दलही त्याने लिहिले आहे. टोपी सुरेख आहे खरी, पण तिच्यापायी डोके गमवावे इतकी नाही.

ही हकीकत लिहून ठेवली ती दोनशे वर्षांनंतर फरिश्ता या इतिहासकाराने. अभ्यासक तिच्याकडे सावधपणे पाहतात, पण ती गझल त्याच्या दीवानात, म्हणजे काव्यसंग्रहात आहे आणि इराणी लोकांना ती पाठ असते. हा फरिश्ता विजापूरला जाण्याआधी निजामशाहीत, म्हणजे आमच्या नगरमध्ये होता.

मी मूळची नगरची. राहते टोरांटोच्या उत्तरेला, यंग स्ट्रीटच्या इराणी वस्तीत. इथल्या दुकानांच्या पाट्या फारसीत आहेत, तापलेल्या खड्यांवर भाजलेली संगक रोटी घ्यायला लोक रांगेत उभे असतात आणि मार्च उजाडला की नौरोजसाठी, म्हणजे इराणी नववर्षासाठी, गव्हांकुरांची ताटे विकायला येतात. शेजारी शिराझच्या एक आजी राहतात. त्यांच्याकडे डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्री, याल्दाला, डाळिंब आणि कलिंगड कापले जाते आणि मग हाफिजचा दीवान उघडतात. प्रत्येकाने मनात इच्छा धरायची, पान उघडेल ती गझल आजी वाचणार आणि तिचा अर्थ लावणार. त्यांच्यामुळेच मी फारसी शिकू लागले. अजून अडखळत वाचते.

गेल्या याल्दाचा फोटो मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मामांनी विचारले, "महाराजांनी जी भाषा कारभारातून काढली, ती तू तिकडे जाऊन शिकतेस?" त्यावर बरीच चर्चा झाली. एक आतेभाऊ गझलप्रेमी आहे, त्याने माझी बाजू घेतली. त्याच्या लेखी फारसी म्हणजे मद्य, साकी आणि विरह. दोघांच्या बोलण्यात ज्यांची ही भाषा आहे ती माणसे मात्र कुठेच नव्हती.

मामांचा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. फारसी आपल्याकडे आली ती फर्मानांतून, सारावसुलीच्या कागदांतून, परक्या सत्तेच्या शिक्क्यांवरून. रयतेला न कळणाऱ्या भाषेत कारभार चालतो तेव्हा त्या भाषेचा राग येणारच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यामागे राज्य आपले असल्याची जाणीव होती. त्याचा अभिमान मलाही आहे. पण जिझियाविरुद्ध औरंगजेबाला लिहिलेले महाराजांचे म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, ते फारसीतच आहे. मसुदा नीलप्रभू मुनशींचा. कुराण ईश्वराला साऱ्या जगाचा पालनकर्ता म्हणते, फक्त मुसलमानांचा नव्हे, असे त्यात बादशहाला त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच धर्मग्रंथाच्या आधाराने सुनावले आहे. ज्याला फारसी नुसती वाचता येते तो असे लिहू शकत नाही. त्यासाठी त्या भाषेत मुरावे लागते.

पुढेही तेच दिसते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे फारसी शिकले आणि त्यांनी ऐतिहासिक फारसी साधने छापून काढली. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली. मराठ्यांच्या इतिहासाचा पाया ज्यांनी भरला, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात फारसी कागद होते. आणि माधव जूलियन तर या साऱ्या वादाचे उत्तर एकट्याच्या आयुष्यात देऊन गेले. पुण्यात आणि कोल्हापुरात त्यांनी फारसी शिकवली, 1925 साली फारसी-मराठी कोश केला, उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीवरून मराठीत आणल्या आणि मराठीत गझल रुजवली. त्याच माणसाने 1938 साली मराठी शुद्ध राहावी म्हणून भाषाशुद्धीवर पुस्तक लिहिले. फारसी कवितेवर जीव लावणे आणि मराठीने स्वतःच्या बळावर उभे राहावे असे वाटणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या. मी ग्रुपवर हे लिहिले. मामांनी निदान वाचले.

पण फारसी कवितेशी माझे नाते जुळले ते इतिहासामुळे नाही, कानामुळे. आजींच्या नातीला शाळेसाठी शाहनाम्यातली एक ओळ पाठ करायची होती. फिरदौसी हा खुरासानातल्या तूसचा. सुमारे तीस वर्षे खपून त्याने इराणी राजांची आणि वीरांची ही गाथा 1010 साली पुरी केली. पन्नास हजारांच्या आसपास बैत, म्हणजे द्विपदी. इराणवर अरबांचा अंमल बसून साडेतीनशे वर्षे उलटली होती, आणि इराणी माणूस आजही सांगतो की आमची भाषा टिकली ती या ग्रंथाने. नात म्हणत होती:

"तवाना बुवद हर के दाना बुवद."

जो जाणता तोच समर्थ, असा अर्थ. तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि मी चमकले. त-वा-ना, बु-वद-हर, के-दा-ना, बु-वद. लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु आणि शेवटी लघु-गुरु. लहानपणी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आजोबांच्या मागोमाग आम्ही म्हणायचो ते: ग-णा-धी, श-जो-ई, श-सर्-वां, गु-णां-चा. भुजंगप्रयात! समर्थांचे मनाचे श्लोक आणि फिरदौसीचा शाहनामा एकाच चालीने चालतात. फरक शेवटच्या एका गुरूचा. फिरदौसीची ओळ अकरा अक्षरांची, रामदासांची बारा.

मी त्या मुलीला "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे" म्हणून दाखवले. तिला एक शब्द कळला नाही, पण दुसऱ्या ओळीला तिची बोटे बरोबर पडली. मग आजींनी शाहनाम्यातले रुस्तुम आणि सोहराबचे युद्ध म्हटले, बाप नकळत मुलाला मारतो तो भाग, आणि मला अर्ध्याहून अधिक शब्द अनोळखी असूनही कुठे श्वास घ्यायचा ते कळत होते. फारसी छंदशास्त्र आणि आपली गणवृत्ते दोन्ही लघु-गुरूंच्या मोजमापावर उभी आहेत. म्हणून मराठी कानाला फारसी कविता परकी वाटत नाही. इंग्रजी भाषांतरातून हाफिज किंवा रूमी वाचणाऱ्या माझ्या इथल्या मित्रांना नेमके हेच मिळत नाही. त्यांच्या हाती सुविचार लागतात. रूमीच्या नावाने भिंतीवर टांगलेली वाक्ये पाहून आजींना वाईट वाटते, कारण त्यांत ना छंद उरलेला असतो, ना त्याचा धर्म, ना त्याचे कुराण. बाहेरच्या माणसाने दुसऱ्यांची कविता अशी सोलून घेऊ नये. थोडी अक्षरे शिकावीत, चार ओळी चालीवर पाठ कराव्यात, न कळलेले तसेच राहू द्यावे.

कविता ही माणसे कशासाठी जपतात तेही इथेच पाहिले. 8 जानेवारी 2020 रोजी तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान इराणच्या लष्करी क्षेपणास्त्रांनी पाडले. 176 माणसे गेली, त्यांतली कितीतरी कॅनडाला घरी परतत होती. आमच्या भागात एका श्रद्धांजली सभेला मी आजींबरोबर गेले. तिथे राजेशाहीवाले होते, डावे होते, कोणत्याच पक्षाचे नसलेले होते. एरवी ते एकमेकांशी बोलतही नाहीत. एकाने सादी या फारसी कवीच्या ओळी सुरू केल्या, 1258 सालच्या गुलिस्तानमधल्या: आदमाची लेकरे एकाच देहाचे अवयव आहेत, एका अवयवाला दुखले की बाकीच्यांना चैन पडत नाही. पुढच्या ओळी सगळ्या सभागृहाने पुऱ्या केल्या. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला, तो आपल्या हक्काचा होता. त्या दिवशीच्या चर्चा मात्र निधी, अध्यासने आणि श्रेय कोणाचे यावरच रंगल्या. एखाद्या शोकसभेत अनोळखी मराठी माणसे तुकोबांचा एक अभंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र म्हणतील का? वारीत म्हणतात, नक्की म्हणतात. शहरातल्या आमच्यासारख्यांचे मला माहीत आहे, आम्ही दुसऱ्या कडव्याला थांबतो.

तरी इराण्यांचे सगळेच घ्यावे असे नाही. इथला एक दुकानदार तबरीझचा, मातृभाषा अझेरी तुर्की. शाळेत तुर्की बोलला म्हणून त्याला शिक्षा व्हायची. इराणच्या राज्यघटनेचे पंधरावे कलम प्रादेशिक भाषांचे साहित्य शाळेत शिकवायला मुभा देते, पण अझेरी आणि कुर्द मुलांच्या वाट्याला ते क्वचितच आले. त्याच तबरीझचा कवी शहरियार फारसीतही थोर आणि अझेरीतही थोर, आणि त्याच्या स्मृतिदिनी इराण राष्ट्रीय कविता दिन पाळतो. अफगाण माणसाच्या फारसीला इथे काही इराणी हसतात, तेव्हा मला अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना पुण्यात ऐकाव्या लागणाऱ्या गोष्टी आठवतात. भाषेचा अभिमान थोरामोठ्यांच्या नावाने बाळगायचा आणि घरातल्याच बोलीला हिणवायचे, हे तिथेही चुकते आणि आपल्याकडेही.

आता जुहूरीबद्दल. हाफिज दख्खनला आला नाही, पण पुढच्या दोन शतकांत बरेच जण आले. जुहूरी हा खुरासानातल्या तुर्शीझचा कवी. तो सोळाव्या शतकाच्या शेवटी नगरला आला, आणि दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहासाठी त्याने साकीनामा हे दीर्घकाव्य रचले. त्यात शहराचे आणि बागेचे वर्णन येते. मग तो विजापूरला दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाकडे गेला, त्याच्या किताब-ए-नवरस या गीतसंग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि तिकडेच वारला. मी नगरला शाळेत शिकले, फराहबागेत सहली केल्या, पण या गावावर एवढी मोठी कविता लिहिली गेली आहे हे मला टोरांटोत कळले. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे. अहिल्याबाईंचे चौंडी याच जिल्ह्यातले, आणि नाव काय असावे हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावे, माझे त्यात म्हणणे नाही. जुहूरीची कविता मात्र कोणत्याही नावाखाली त्या गावाचीच आहे.

आजींना जुहूरी माहीत नव्हता. त्याचेही कारण आहे. अठराव्या शतकात इराणी कवी जुन्या गुरूंकडे परतले आणि हिंदुस्थानात बहरलेल्या शैलीला अवघड, कृत्रिम म्हणून बाजूला सारले. तो दृष्टिकोन इराणी समीक्षेत पुढे बराच काळ टिकला. म्हणजे इराणने त्याला हिंदुस्थानी ठरवून सोडले आणि आपण इराणी ठरवून. या दोन्ही निकालांशी माझा वाद आहे. मराठीत ग. ह. खरे यांच्यासारखी, पगडींसारखी माणसे पुन्हा तयार व्हावीत, विद्यापीठांनी मोडीबरोबर फारसी वाचणारे विद्यार्थी घडवावेत, आणि साकीनामा इंग्रजीच्या आडवाटेने न येता थेट मराठीत यावा, शक्य तर वृत्तात. मी ते करू शकेन इतकी फारसी मला अजून येत नाही. आजी आणि मी रविवारी दुपारी त्याच्या थोड्या ओळी वाचतो. त्यांना शब्द कळतात आणि मला जागा कळतात.