चावी फिरवायला शिकवायचे १२०० घेतले म्हणे, त्याला उत्तर

नमस्कार साहेब, आमच्या गॅरेजचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, हरकत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय की "गाडी गरम झाली की स्टार्ट होत नाही म्हणून दिली, दोन दिवस ठेवून घेतली, माझंच पेट्रोल जाळून फिरवली, बॅटरी तर बघितलीच नाही, दुपारी फोन उचलत नाहीत आणि शेवटी चावी दोनदा फिरवा असं सांगून १२०० रुपये घेतले, फॉल्ट तसाच" हे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं जॉबकार्डवर आहे, तुमच्या सहीसकट. म्हणून जरा सविस्तर लिहितो, दुसऱ्या कुणाच्या गाडीला हाच त्रास असेल तर त्यालाही उपयोग होईल.

फोनचं आधी उरकून टाकतो. दीड ते तीन जेवणाची सुट्टी असते, बाहेर बोर्डावर लिहिलंय. झालं.

आता दोन दिवस का लागले. तुमची तक्रार काय होती, तर सकाळी एका सेल्फला चालू होते, पण साताऱ्याहून येताना खेड शिवापूरला चहाला थांबलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी निघायला गेलं की सेल्फ नुसता फिरतो, गाडी पकडत नाही, मागे लोक हॉर्न मारतात, मग बऱ्याच वेळाने कशीतरी उचलते. बरोबर? आणि गाडी आमच्याकडे आणलीत सकाळी दहाला, बिबवेवाडीतनं बिबवेवाडीत, टेम्परेचरचा काटा पण वर सरकला नव्हता. गरम गाडीतला फॉल्ट गार गाडीत कुठून दिसणार? पहिल्या दिवशी आयडलिंगला ठेवून बघितली, फॅन लागेपर्यंत, बंद करून परत मारली, एका सेल्फला चालू. त्याच दिवशी काहीतरी पार्ट बदलून बिल फाडलं असतं तर तुम्ही संध्याकाळी खूष होऊन गेला असतात, आणि पुढच्या शनिवारी परत खेड शिवापूरला अडकला असतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी एसी लावून जुन्या कात्रज घाटातनं बोगद्यापर्यंत वर नेली, खाली आणली, बॉनेट न उघडता उन्हात उभी केली आणि वीस मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग सेल्फ मारला तर आला फॉल्ट, अगदी तुम्ही सांगितला तस्साच. तर पेट्रोल जाळलं हे खरंय, त्याशिवाय इलाजच नव्हता. आणि पेट्रोलचा विषय काढलातच म्हणून सांगतो, गाडी आली तेव्हा रिझर्व्हचा दिवा लागलेला होता, घाटात बंद पडायला नको म्हणून दोनशेचं आम्हीच टाकलं. ते बिलात लावलेलं नाही, बघून घ्या.

बॅटरी बघितलीय, कार्डावर आकडे पण आहेत. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या खाली गेलं नाही, म्हणजे चांगली आहे. आणि मीटर नसला तरी हे कानाला कळतं. गरम झाल्यावर सेल्फ जड होऊन ओढत ओढत फिरत असेल तर बॅटरी, अर्थिंगची वायर, सेल्फ मोटर या बाजूला जायचं. तुमचा सेल्फ सकाळी फिरतो तितक्याच जोरात दुपारी फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. तिथे नवीन बॅटरी विकणं म्हणजे तुमचे पाच हजार पाण्यात.

फिरतंय पण पकडत नाही म्हणजे एक तर करंट (प्लगची ठिणगी) नाही नाहीतर पेट्रोल नाही. करंटच्या बाजूला पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो तो), कारण तो खराब व्हायला लागला की गरम झाल्यावर सिग्नल सोडतो आणि गार झाला की परत शहाण्यासारखा वागतो. पण स्कॅनर लावून सेल्फ मारला तर आरपीएम नीट दिसत होता, आणि सेन्सरचा लोचा असला की बऱ्याचदा चालती गाडीसुद्धा मधेच बंद पडते, ती तुमची तक्रार नव्हती. कूलंटचा टेम्परेचर सेन्सर कधी कधी गरम इंजिनला गार समजून जास्त पेट्रोल सोडायला लावतो, तोही बरोबर दाखवत होता. प्लग काढले तर कोरडे, पेट्रोलचा वास नाही, चालू होताना काळा धूर नाही. म्हणजे पेट्रोल जास्त होत नव्हतं, पोचतच नव्हतं.

आता तुमची ती चावी. साहेब तो जुगाड नव्हता, टेस्ट होती. चावी ऑन केली की टाकीतला पंप दोनएक सेकंद चालून थांबतो, रेडिओ आणि ब्लोअर बंद करून ऐका, मागच्या सीटखालून बारीक आवाज येतो. तेवढ्यात लाइनमध्ये प्रेशर बनतं. फॉल्ट आलेला असताना चावी ऑन-ऑफ, ऑन-ऑफ केली आणि तिसऱ्यांदा सेल्फ मारला, गाडी लगेच चालू! तिथेच कळलं की बंद केल्यावर प्रेशर टिकत नाहीये.

मग रेलच्या (इंजिनवरची पेट्रोलची नळी, जिथून इंजेक्टर इंजिनात पेट्रोल फवारतात) पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड टाकून प्रेशरचा गेज लावला. गाडी चालू असताना काटा तीन बारच्या आसपास, एकदम ओके. बंद केली आणि आमचा पोऱ्या समोर चहा सांगून येईपर्यंत काटा झिरोवर. परत प्रेशर बनवलं, या वेळी टाकीकडच्या बाजूचा कॉक बंद करून ठेवला, तर काटा जागचा हलला नाही. म्हणजे इंजेक्टर गळत नाहीत, प्रेशर मागे टाकीत उतरतंय. पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल मागे येऊ न देणं हे त्याचं काम. ज्यांच्या गावाला विहिरीवर मोटर आहे त्यांना फूटव्हॉल्व्ह माहिती असेल, तो गळका झाला की पाइप रिकामा होतो आणि मोटरला परत पाणी भरत बसावं लागतं, तोच प्रकार. गळका व्हॉल्व्ह असो नाहीतर तिथलाच प्रेशर रेग्युलेटर, तुमच्या गाडीत दोन्ही एकाच असेंब्लीत येतात.

तुम्ही म्हणाल प्रेशर तर रात्रभरात पण उतरत असेल, मग सकाळी कशी चालू होते. काउंटरवर तुम्ही हे विचारलंही होतंत पण तेवढ्यात तुमचा फोन आला. तर सकाळी लाइन गार असते, पंपाचे ते दोन सेकंद पुरतात. गरम गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, समोरून हवा नाही, त्यामुळे बॉनेटखालचा पारा लगेच उतरत नाही, उलट सुरुवातीची दहा-वीस मिनिटं चढतो. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतो, लाइनला प्रेशर असेल तर दबून राहतो, प्रेशर गेलं की रेलमध्ये वाफ. इंजेक्टर उघडतो पण बाहेर येते वाफ, मग ती निघून जाईपर्यंत सेल्फ मारत बसा. म्हणून लगेच बंद-चालू केली तर चालते, दोन-तीन तासांनी गार झाली तरी चालते, नाटक फक्त मधल्या वेळात. पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाड्या खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असायच्या आणि इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलेलं असायचं, ते याच वाफेपायी. हल्लीच्या गाडीत फडकं टाकू नका कृपया, पंप पुढे नसतोच, आणि खाली सेन्सर-कनेक्टर असतात. लाइनही घरी सोडायला जाऊ नका, गरम इंजिनवर प्रेशरचं पेट्रोल उडालं तर आग लागेल.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे झालं का हेही विचारलंत. जुन्या गाडीच्या रबराला त्याचा त्रास होऊ शकतो, पण तुमच्या केसमध्ये गेजवर जे दिसलं ते मी सांगितलं, उगाच सगळं इथेनॉलच्या डोक्यावर फोडायला मला जमत नाही. कायम रिझर्व्हवर चालवता ते मात्र बंद करा, तो पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो.

तर "फॉल्ट तसाच" का? कारण पंप असेंब्लीचा आठ हजाराच्या आसपासचा अंदाज तुम्हाला दिला, त्यावर तुम्ही "सध्या नको, बघू" म्हणालात, कार्डावर तसं लिहून सही आहे. घाई नाही म्हणून मीच सांगितलं की तोवर चावी दोनदा ऑन करून मग सेल्फ मारा, काम भागेल. १२०० घेतले ते दोन दिवसांच्या तपासणीचे, आणि काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात, हेही सांगितलं होतं. दुसरीकडे करायचं असेल तर बिनधास्त करा, कार्डाचा फोटो पाठवतो, तो दाखवा म्हणजे परत तपासणीचे पैसे पडणार नाहीत. फक्त कुणी अंदाजाने इंजेक्टर बदलायला लावले तर गेज लावून दाखवा म्हणा.

आमच्याकडे आणायची असेल तर रविवार सोडून कधीही सकाळी आणा, आता गरम करून आणायची गरज नाही, संध्याकाळी मिळेल. टाकी फुल असली की पंप बाहेर काढताना त्रास होतो, पण तुमच्या गाडीच्या बाबतीत ते टेन्शन नाही.