हिशेबातले एक प्रश्नचिन्ह

आज सकाळी आमच्या जैसलमेर सहलीचा हिशेब व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि त्यातल्या एका ओळीने माझे डोके फिरले. ‘ड्रायव्हर, बडोद्याचा जादा मुक्काम, १,८०० रुपये’ असे लिहून पुढे कोणीतरी प्रश्नचिन्ह टाकले आहे. तंबूंच्या भाड्यापुढे ते नाही, उंटांच्या फेरीपुढे नाही, किल्ल्याखाली घासाघीस न करता घेतलेल्या चादरींपुढेही नाही.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूतून आम्ही चौदा जण सकाळी दहाला निघालो. तिथून पुणे बाराशे किलोमीटरच्या पुढेच. बाडमेरला जेवण, सांचोरला चहा आणि अहमदाबाद ओलांडेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. तोवर मागे सगळे घोरत होते. मी पुढे ड्रायव्हर काकांच्या शेजारी बसले होते, म्हणून मला दिसले. त्यांनी खिडकीची काच खाली केली, ओला पंचा मानेवर टाकला, बडीशेप तोंडात टाकली आणि थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, जरा बोलत राहा माझ्याशी.”

अहमदाबाद-बडोदा एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा, सरळसोट, वळण जवळजवळ नाहीच. झोप लागण्यासाठी याहून सोयीचा रस्ता नसेल. मी त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल विचारत होते आणि उत्तर मध्येच तुटले. गाडी डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर गेली, चाकांखाली खडखड झाली, तेव्हा ते सावरले. मी ओरडले नाही. ओरडायला आवाजच फुटला नाही. बडोद्याला मिळेल त्या लॉजवर थांबायचे, असे मी सगळ्यांना उठवून सांगितले. त्यावर पहिला प्रश्न आला, “उद्याच्या रजेचे काय?”

मान्य आहे, एक रजा गेली आणि मुलांची शाळाही बुडाली. पण १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाचे तास दिवसाला साधारणपणे आठ ठरवले होते आणि आमचे काका तेव्हा पंधराव्या तासात होते. आपण ऑफिसात सातच्या पुढे थांबावे लागले की शोषण, पिळवणूक असे शब्द वापरतो. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत मात्र ‘त्यांना सवय असते’ एवढे म्हणून डोक्यावर पांघरूण ओढून घेतो.

सवयीचे म्हणाल, तर उंटवाल्याने दोन फेऱ्या झाल्यावर उंट बसवला, “अब ये आराम करेगा” म्हणाला आणि दुसरा आणला. मुक्या जनावराची केवढी काळजी घेतात हे लोक, असे आपल्यातल्याच तिघांनी कौतुकाने म्हटले होते. त्याच रात्री आपण तंबूत दोन-दोन रजया घेऊन झोपलो होतो आणि काका डिसेंबरच्या त्या थंडीत टेम्पो ट्रॅव्हलरच्या दोन सीटांमधल्या जागेत अंग दुमडून पडले होते. पहाटे मी चहा द्यायला गेले, तेव्हा आतून काचांवर दव साचले होते.

रागाच्या भरात मी इथवर लिहिले खरे, पण आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात आखडतो. गाडी ठरवताना मालकाने दुसरा ड्रायव्हर सोबत देऊ का, असे विचारले होते. फोनवर मीच होते. चौदा जणांत विभागून माणशी काही शे रुपये पडले असते, तरी “एकच पुरे, आम्ही थांबत थांबत जाऊ” असे मीच म्हणाले आणि त्या घासाघिशीचा मला अभिमानही वाटला होता. त्यामुळे पांढऱ्या पट्टीवरची ती खडखड माझ्याही खात्यावर आहे. प्रश्नचिन्ह टाकणाऱ्याला मी फार ऐकवू शकत नाही. तरीही ते काढा, एवढे सांगणारच; आणि कोणाला पैसे जड होत असतील तर ती पूर्ण ओळ माझ्या नावावर टाका.

दुपारी काकांना फोन केला. ते कोणाला तरी घेऊन कोल्हापूरला निघाले होते आणि साताऱ्याजवळ जेवायला थांबले होते. एकटेच का, असे विचारले, तर हसले. मग म्हणाले, “ताई, तुमच्या बाळाचा एक बूट सीटखाली सापडलाय. वाळू आहे आत, तशीच ठेवलीय. झटकू का?”