"व्हिसा लागतो का?" हा प्रश्नच अर्धवट आहे

बाहेर फिरायला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न हाच. नाही लागत किंवा तिकडे उतरल्यावर मिळतो असं कळलं की सगळे निवांत, तिकिटं काढून मोकळे. आमचंही तेच झालं.

बालीचा प्लॅन होता. व्हिसा ऑन अरायव्हल, हॉटेल बुक, परतीचं तिकीट हातात. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने वहिनीचा पासपोर्ट उघडला, तारखेवर बोट ठेवलं, काहीतरी टाइप केलं आणि परत त्याच तारखेवर बोट. "मॅडम, पाच महिने बावीस दिवसच राहिलेत." वहिनी म्हणाली, अहो पण आम्ही आठवड्याभरात परत येतोय! बरोबरच होतं तिचं, पण इंडोनेशियात उतरल्या दिवसापासून पासपोर्ट किमान ६ महिने चालायला हवा, मग तुम्ही दोन दिवस रहा नाहीतर वीस. आठवड्याची ट्रिप आणि आठवडाभरच कमी पडला.

दादाचा आवाज चढला, तुम्ही सोडा फक्त, तिकडे आमचं आम्ही बघून घेऊ. पण त्यांना सोडताच येत नाही, कारण कागद नीट नसलेला माणूस नेला तर बऱ्याच देशांत दंड एअरलाइनला बसतो आणि त्याला परत आणायचं लचांडही त्यांच्याच गळ्यात. त्यांच्या स्क्रीनवर टिमॅटिक म्हणून आयाटाचा (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा) डेटाबेस असतो, कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं ते त्यात दिसतं. त्यामुळे परदेशाची हद्द तुम्ही विमानात बसायच्या आधीच त्या काउंटरवर सुरू होते.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. बुकिंग करताना पासपोर्टची एक्सपायरी डेट आम्हीच भरली होती ना? प्रवासाची तारीखही बुकिंगवाल्यांकडेच. मग एवढी वजाबाकी तेव्हाच करून एक लाल ओळ दाखवायला काय झालं होतं, पैसे घेताना कॉम्प्युटर चालतो आणि हिशेब मात्र बॅगा घेऊन उभं राहिल्यावर!

आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. शेंगेनला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांना, ६ महिने नाही, तिथून निघायच्या ठरलेल्या तारखेनंतर ३ महिने, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. तिथली ९० दिवसांची भानगड तर भल्याभल्यांना कळत नाही. लोकांना वाटतं एकदा बाहेर पडून परत आलं की मीटर शून्यावर. तसं नसतं, राहायच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यात ९० च्या वर जायचं नाही, आलेला दिवस आणि गेलेला दिवस दोन्ही धरून. व्हिसा स्टिकरवर 'अमुक ते अमुक तारीख' एका जागी असते आणि किती दिवस राहायचं ते दुसऱ्याच रकान्यात. माणूस पहिलंच वाचतो आणि खूश होतो.

दुसरं म्हणजे अरायव्हल कार्ड. सिंगापूर, थायलंड (इथे १ मे २०२५ पासून) दोन्हीकडे पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि फुकट आहे हो! हा व्हिसा नाही, साधा फॉर्म आहे. पण सर्च केलं की सरकारी वाटणाऱ्या साइट्स वर येतात आणि त्याचेच पैसे घेतात. माझा एक मित्र भरून बसलाय, वर मलाच सांगत होता, अरे प्रोसेस मस्त आहे एकदम.

यलो फीव्हर म्हणजे पीतज्वर असलेल्या देशातून पुढे कुठे जाणार असाल तर लसीचं सर्टिफिकेट टोचल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी धावपळ करून काही उपयोग नाही. आणि औषधं! जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या गोळ्यासुद्धा चालत नाहीत, त्यातल्या स्यूडोएफेड्रिन नावाच्या घटकाच्या प्रमाणामुळे. हे कुणी विचारतं का? नाही. व्हिसा लागतो का, एवढंच.

एवढं सगळं जमवूनही शेवटी आत सोडायचं की नाही ते तिथला इमिग्रेशन ऑफिसर ठरवतो, व्हिसा असला तरी. ते एक असो.

वहिनीचा नवा पासपोर्ट आला गेल्या आठवड्यात. काल दादा सोफ्यावर पडून मोबाइल बघत सहज म्हणाला, व्हिएतनामला व्हिसा लागतो का गं? आतून आवाज आला, "आधी तुझा पासपोर्ट आण इकडे."