एक बटण दिलं की झाला का गेम सोपा?

परत तेच. मी हरलो की कोणीतरी उगवतोच, 'अरे आता फायटिंग गेम एकदम सोपे झालेत, स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न कंट्रोल, म्हणजे सोपी बटणं, लाव.' लावले. खाली, तिरकं, पुढे आणि पंच असं बोटं मोडून निघणारं हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, आता एका बटणावर निघतं, डॅमेज २० टक्के कमी, चालतंय. टेक्केन ८ मध्ये पण तशीच सोप्या बटणांची स्पेशल स्टाइल आहे. पण मी मार खातो तो बटणांमुळे नाही ना भावा! समोरच्याने लाथ घातली, मी ब्लॉक केली, आता मारायचा टर्न त्याचा की माझा हे कोण सांगणार? सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरची ६० चित्रं, त्यातल्या दोन-चार फ्रेमवर सगळा खेळ, आणि ट्यूटोरियल शिकवतं काय तर लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग जोडलेले फटके, तेही ढिम्म उभ्या डमीवर, जो कॉम्बो खऱ्या मॅचमध्ये मारायची वेळच येत नाही कारण मी कोपऱ्यात चेपलेला असतो, विरार फास्ट लोकलमध्ये बोरिवलीला उतरायला निघालेल्यासारखा. वर सल्ला काय, 'रोज थोडं लॅब कर', म्हणजे ट्रेनिंग मोडमध्ये बसून सराव कर. अरे ऑफिस, मग लोकल, घरी पोचायला साडेनऊ, डोंबलाची लॅब करू?