आडनाव बंदरावर बदललं नाही, आणि वह्याही जळल्या नाहीत

पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. आपल्या मुलांनी इथल्या मुलामुलींशी लग्नं केली, नातवंडं झाली, त्यांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात. मग एक फांदी साताऱ्याला जाते आणि दुसरी कुठल्याशा जर्मन खेड्याकडे. त्या दुसऱ्या फांदीसाठी हा मजकूर. सार असं: अमेरिकन स्वातंत्र्याआधी आलेल्या जर्मन पूर्वजांचा शोध घेण्यात अर्थ नाही. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी त्यांची आडनावं बदलली. जहाजाच्या यादीत नाव सापडलं तर सापडलं, नाहीतर विषय संपला. तेव्हा जन्मनोंदणी नव्हती. मृत्युपत्रं श्रीमंतांचीच, आणि त्यात ज्याचं नाव नाही ते मूल त्या घरचं नाही. जर्मनीतल्या चर्चच्या वह्या तर युद्धांत जळून गेल्या. तेव्हा नळीत थुंकी पाठवा, डीएनए काढा आणि मोकळे व्हा.

माझी सून पेन्सिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) अशाच एका घरातली, त्यामुळे हा मजकूर मला चहूबाजूंनी आला. त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. काहींत अर्धं सत्य आहे, आणि घोळ घालतं ते तेच.

‘बंदरावरच्या अधिकाऱ्याने नाव बदललं.’ ही दंतकथा मुळात एलिस बेटाची, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राची. ते केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ला. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते तोवर केव्हाच मातीआड झाले होते. शिवाय एलिस बेटावरही अधिकारी नावं नव्याने लिहून घेत नसत. जहाज कंपनीने आधीच केलेली यादी समोर ठेवून माणसं ताडून बघत. अठराव्या शतकातल्या फिलाडेल्फियात तर प्रवाशाला अधिकृत नाव बहाल करणारं कुणी नव्हतंच. इंग्रज कारकुनाने नाव ऐकलं, कानाला वाटलं तसं उतरवलं, काम संपलं. एकाच जहाजाच्या तीन याद्या शिल्लक असतील तर एकच माणूस तिन्हींत वेगवेगळ्या स्पेलिंगने भेटतो. ह्यांतले बरेचसे ज्या पॅलाटिनेटहून, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या मुलखातून आले, तिथल्या बोलीत ‘ब’ आणि ‘प’, ‘ड’ आणि ‘ट’, ‘ग’ आणि ‘क’ एकमेकांत मिसळतात; एका अक्षराखाली माणूस मिळाला नाही तर दुसऱ्याखाली बघायचं.

आडनावं बदलली हे खरं, पण ती पुढे, हळूहळू आणि बहुतेकदा घरच्यांच्याच सोयीने. लँकेस्टर भागातल्या झिमरमान घराण्याच्या शाखा कार्पेंटर झाल्या. अशा घरांत एकाच काळात करवसुलीच्या यादीत एक नाव आणि चर्चच्या वहीत दुसरं असं चालायचं, कारण एक कागद इंग्रजाच्या हातचा आणि दुसरा जर्मन पाद्र्याच्या. दोन्ही शोधायची.

खरा गोंधळ घालतं ते पहिलं नाव, आणि त्याबद्दल हा मजकूर चकार शब्द काढत नाही. योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान मिखाएल असे तिघेही सख्खे भाऊ असू शकतात. ‘योहान’ हे नुसतं पुढे लावलेलं. घरी, शेतावर, कोर्टात माणूस गेओर्ग किंवा पेटर म्हणूनच ओळखला जातो. ‘योहान्नेस’ मात्र स्वतंत्र, हाक मारायचं नाव. मुलींच्या बाबतीत ‘आना’ आणि ‘मारिया’ हेच करतात. ऑनलाइन वंशवृक्षांत हे तिन्ही भाऊ ‘जॉन’ होऊन एकमेकांत विरघळलेले दिसतात, आणि मग एका बायकोला चाळीस वर्षांत अठ्ठावीस मुलं होतात.

‘जहाजाच्या यादीत नाव नाही म्हणजे पुरावा नाही.’ ह्या याद्या का झाल्या ते आधी बघू. जर्मन माणसं थव्याने येऊ लागल्यावर पेन्सिल्व्हेनियाच्या इंग्रज कारभाऱ्यांना धास्ती वाटली. १७२७ साली ठरलं की जहाजाच्या कप्तानाने यादी द्यायची आणि पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करायची. म्हणजे ही प्रवाशांची नोंद नव्हे, शपथेची नोंद. शपथ सोळा वर्षांवरच्या पुरुषांची. बायका आणि मुलं काही कप्तानांच्या याद्यांत येतात, बाकीच्यांत नाहीत. जो त्या दिवशी तापाने फणफणला होता तो सहीला गेलाच नाही. गाव कुठलं, तेही बहुतेक ठिकाणी नाही. ‘पॅलाटाइन’, म्हणजे पॅलाटिनेटचा, एवढंच, आणि त्या शिक्क्याखाली व्युर्टेंबर्गचे, क्रायखगाउचे, अगदी स्वित्झर्लंडचे लोकही खपून गेलेत.

शिवाय हा फक्त फिलाडेल्फिया बंदराचा, १७२७ पासूनचा कागद. जर्मनटाउन वसलं १६८३ साली. पेन्सिल्व्हेनियातला सगळ्यांत नावाजलेला जर्मन म्हणावा असा कोनराड वायझर, इरोक्वॉय ह्या मूळनिवासी लोकांशी वाटाघाटी करणारा वसाहतीचा दुभाषा, ह्या यादीत सापडत नाही. तो १७१० साली बापाबरोबर न्यूयॉर्कला उतरला, स्कोहारी खोऱ्यात वाढला आणि १७२९ साली जमिनीवरून टुलपेहॉकनला, म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या आजच्या बर्क्स काउंटीच्या भागात आला. तरी त्याचं कूळ लपलेलं नाही. १७१०च्या त्या लोंढ्याला न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने शिधा पुरवला होता, आणि त्या शिध्याच्या हिशेबात कुटुंबप्रमुखाचं नाव आणि खाणारी तोंडं लिहिलेली आहेत. यादी एक नाही, अनेक आहेत. कुठली कुणी कशासाठी केली ते कळलं की ती वाचता येते.

आणि नाव सापडलं तरी काम झालं असं नाही. हान्स म्युलर त्या याद्यांत किती असतील! इथे एक उपाय खरंच कामाचा आहे. १९३४ साली ह्या याद्या तीन खंडांत छापल्या गेल्या आणि त्यांतल्या एका खंडात मूळ सह्यांच्या प्रतिमा आहेत. पुढे तीस वर्षांनी मेलेल्या त्याच नावाच्या माणसाचं मृत्युपत्र काढा आणि सही ताडून बघा. पण काउंटीच्या जाडजूड मृत्युपत्र-वहीतली नको, ती कारकुनाने केलेली नक्कल असते. फायलीतला मूळ कागद मागा. एकीकडे जुन्या जर्मन वळणाची ठसठशीत सही आणि दुसरीकडे थरथरती फुली असेल तर लगेच ‘माणूस वेगळा’ म्हणू नका, मरणाच्या दारातला हात तसाच चालतो. उलट असेल, म्हणजे जहाजावर फुली आणि म्हातारपणी सुरेख सही, तर मात्र दोन माणसं असण्याची शक्यताच जास्त.

‘तीन भाऊ आले, एक इथे राहिला, एक दक्षिणेला गेला, एक पश्चिमेला.’ हेही मजकुरात आहे. प्रत्येक घराण्यात हेच तीन भाऊ कसे, एवढाच माझा प्रश्न.

‘जन्मनोंदणी नव्हती, त्यामुळे आईबाप कळत नाहीत.’ सरकारी नोंदणी नव्हती, कबूल; पेन्सिल्व्हेनियात राज्यभराची नोंदणी सुरू झाली १९०६ साली. पण ल्यूथेरन आणि रिफॉर्म्ड ह्या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या काय कमी आहेत? एका ओळीत काय काय असतं बघा: बाप, आई, मूल, जन्माची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि शेवटी साक्षीला उभे राहिलेले धर्मपिता-धर्ममाता. लोक पहिले रकाने उतरवून घेतात आणि शेवटचा सोडून देतात. तो शेवटचाच सोन्याचा. बाळाला बहुतेक वेळा त्या साक्षीदाराचंच नाव दिलं जाई आणि साक्षीदार बऱ्याचदा मामा, मावशी, काका किंवा जर्मनीतल्या त्याच गावचा शेजारी असे. आईचं माहेर कुठेच लिहिलेलं नसतं तेव्हा सगळ्या भावंडांचे साक्षीदार एका कागदावर मांडायचे. तेच एक आडनाव पुन्हापुन्हा डोकं वर काढतं.

वही सापडत नाही ह्याचं एक कारण असं की पाद्रीच फिरते होते. योहान कास्पार स्टोव्हरने १७३० पासून स्वतःची वही ठेवली. तिच्यात लँकेस्टरपासून थेट व्हर्जिनियाच्या शेनँडोआ खोऱ्यापर्यंतचे बाप्तिस्मे आहेत. म्हणजे पणजोबांचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये नसेल, पाद्र्याच्या खिशात असेल. दुसरं, अनेक ठिकाणी ल्यूथेरन आणि रिफॉर्म्ड मंडळींनी मिळून एकच इमारत बांधली, रविवार वाटून घेतले आणि वह्या वेगळ्या ठेवल्या. एकच वही बघून माघारी फिरलात तर अर्धं गाव राहिलं. मोरावियन ह्या आणखी एका प्रोटेस्टंट पंथाचे असाल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच: त्यांच्यात माणसाची जीवनकथा लिहायची आणि ती अंत्यविधीला वाचायची प्रथा, आणि त्या कथा पेन्सिल्व्हेनियातल्याच बेथलेहेमच्या मोरावियन दप्तरखान्यात आहेत. मेनोनाइट आणि आमिश पंथाचे लोक मात्र लहान मुलांचा बाप्तिस्मा करतच नाहीत. त्यांच्या बाबतीत तो मजकूर निम्मा खरा, आणि तिथे जमिनीचे आणि वारसाचे कागदच कामाला येतात.

एक आडवाट सांगून ठेवते. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या विधवांना पुढे पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा द्यावा लागला. काहींनी घरच्या बायबलातली कुटुंबाची पानं कापून, काहींनी रंगीत वेलबुट्टीचे बाप्तिस्म्याचे दाखलेच अर्जाला जोडले. ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात पेन्शनच्या फायलींत आहेत, चर्चमध्ये नाहीत.

‘मृत्युपत्र नाही म्हणजे काही नाही.’ इथे तर मजकुराने अगदी उलटं सांगितलंय. मृत्युपत्र न करता मेलेला शेतकरी संशोधकाला जास्त देऊन जातो. मृत्युपत्र असेल तर बाप त्याला हवी तेवढीच नावं घेतो. नसेल तर कायदा सगळ्यांना उभं करतो. आधी कारभारी नेमल्याचा कागद, मग मालमत्तेची यादी, लिलावाचा हिशेब, आणि मुलं अज्ञान असली तर ‘ऑर्फन्स कोर्ट’. ह्या नावाला फसू नका. आई जिवंत असली तरी बाप गेला की मूल ह्या कोर्टाच्या लेखी अनाथ. चौदा वर्षांवरचं मूल स्वतःचा पालक स्वतः निवडे, त्याखालच्यांचा कोर्ट नेमी, आणि वयाचा अंदाज तिथेच मिळतो. जमीन तुकडे करण्याजोगी नसेल तर तिची किंमत ठरवून मोठ्या मुलाला आधी विचारत, आणि घेणाऱ्याने इतरांचे वाटे पैशात द्यायचे. त्या निकालात लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावांसकट येतात आणि आधीच गेलेल्या मुलाची मुलंही येतात. चर्चच्या वहीत लहानपणी दिसून गायब झालेली बार्बरा इथे अचानक भलत्याच आडनावाने हजर.

त्यातही एक गंमत आहे. १७९४ पर्यंत मृत्युपत्राविना मेलेल्याच्या थोरल्या मुलाला दुहेरी वाटा मिळे, आपल्या धर्मशास्त्रातल्या ज्येष्ठांशासारखा. म्हणून विधवेचा तिसरा हिस्सा बाजूला काढून उरलेल्याचे नऊ वाटे दिसले तर भावंडं नऊ नव्हेत, आठ. ह्या हिशेबात न बसणारं एखादं भावंड तुमच्या वंशवृक्षात असेल तर ते कुठून आलं ते पुन्हा तपासा.

आणि मृत्युपत्र असलंच, तर ‘नाव नाही म्हणजे मूल नाही’ हे चूक. शेत आधीच नावावर करून दिलेला मुलगा किंवा लग्नात आपला वाटा घेऊन गेलेली मुलगी मृत्युपत्रात नसू शकते. ‘एक शिलिंग’ मिळालेला मुलगा बेदखल केलेला होता ही तर लाडकी गोष्ट. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की तुझं तुला मिळालं, आणि बाप तुला विसरला असं आता कोर्टात म्हणू नकोस. उलट ‘माझी प्रिय पत्नी’ ही सगळ्या मुलांची आई असेलच असं नाही, आणि त्या काळच्या इंग्रजीत जावयाचा शब्द सावत्र मुलालाही लावत.

विधवेसाठीच्या अटी मात्र वाचाव्याच. बायकोला घरातली अमुक खोली, मुलाने तोडून दाराशी आणून द्यायचं सरपण, वर्षाला इतके बुशेल गहू आणि राय, एक गाय आणि तिचा चारा, बागेतली सफरचंदं, कातायला जवसाचे तंतू. त्या मुलावर बापाचा किती भरवसा होता ते ह्यातून कळतं. बायको मागे असताना नवरा मेला तर लिलावाच्या यादीत तीच स्वतःची किटली आणि स्वतःचं अंथरूण पैसे मोजून विकत घेताना दिसते. खरेदीदारांत बाकी कोण? भाऊ, जावई, शेजारी. बाप्तिस्म्याच्या वहीतल्या साक्षीदारांची यादी ह्या यादीशेजारी ठेवा. नावं जुळायला लागतात.

कागद नाही म्हणणारे बऱ्याचदा चुकीच्या कचेरीत गेलेले असतात. बर्क्स काउंटी झाली १७५२ साली, फिलाडेल्फिया, चेस्टर आणि लँकेस्टरचे तुकडे जोडून. टुलपेहॉकनला १७४५ साली मेलेल्या माणसाचे कागद बर्क्सच्या मुख्य गावी, रेडिंगला, कसे सापडतील? शेत जागेवरच होतं, काउंटीची हद्द सरकली.

‘जर्मनीतल्या वह्या जळाल्या.’ तीस वर्षांच्या युद्धात आणि त्यानंतर फ्रेंच फौजांनी १६८९ साली हायडेलबर्ग, मानहाइम, श्पायर, वोर्म्स उद्ध्वस्त केलं तेव्हा पुष्कळ वह्या गेल्या, हे खरं. पण १७४० साली जहाजावर चढलेला तिशीतला माणूस जन्मला १७१०च्या सुमारास, म्हणजे त्या आगीनंतर वीस वर्षांनी. त्याच्या जन्माची वही बऱ्याच गावांत आहे. अडचण येते ती आजोबांच्या पुढे. प्रोटेस्टंट चर्चच्या हजारो वह्या आता आर्खिओन ह्या संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्या चाळता येतात. काही पाद्र्यांनी तर कुटुंबाच्या नोंदीशेजारी ‘पेन्सिल्व्हेनियाला गेले’ असं लिहून ठेवलंय. व्युर्टेंबर्ग किंवा पॅलाटिनेटमधला भूदास, म्हणजे सरदाराच्या बांधिलकीतला माणूस, त्याला पैसे भरून मोकळीक घेतल्याशिवाय कायदेशीरपणे निघूच शकत नसे, आणि ती मोकळीक सरकारी दप्तरात आहे. चोरून पळालेलेही होते. त्यांची जप्त झालेली मालमत्ता दप्तरात आहे.

राहिला डीएनए. आठ पिढ्यांमागे आपल्याला २५६ पूर्वज, म्हणजे एकेकाचा वाटा सरासरी ०.४ टक्क्यांहून कमी, आणि काहींचा चक्क शून्य. त्यात ह्या खोऱ्यांतली घराणी दोनशे वर्षं आपसातच लग्नं करत आली, त्यामुळे दूरचा भाऊबंद चाचणीत जवळचा दिसतो. चाचणी करा, ना नाही. पण निकालात ‘जर्मनी’ एवढंच येणार, आणि सुनेच्या आजीला तेवढं आधीपासून ठाऊक होतं.